षड्ज फिरतो तेव्हा

सलील चौधरींनी 'छाया' (1961) या चित्रपटासाठी 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' ही चाल बांधली. तलत महमूद आणि लता मंगेशकर. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात हे गाणं अजून होतं, आणि निवेदक हमखास सांगतो की याचा मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून घेतलाय. लोक 'अरे वा' म्हणतात. मग एखादा उत्साही माणूस घरी जाऊन ती सिम्फनी लावतो. सुरुवातीलाच ओळखीची चाल भेटते, गडी खूश होतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात चाल हातातून सुटते आणि पुढची सहा-सात मिनिटं नुसतीच व्हायोलिनांची पळापळ. तो बंद करतो आणि परत तलतकडे वळतो.

तो उत्साही माणूस मीच.

बऱ्याच वर्षांनी येल विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर सापडला. प्राध्यापक क्रेग राइट यांनी 2008 साली न्यू हेवनच्या वर्गात दिलेली 23 व्याख्यानं विद्यापीठाने चित्रित करून सगळ्यांसाठी फुकट खुली केली आहेत. ज्यांना नोटेशन वाचता येत नाही, वाद्य वाजवता येत नाही, अशांनाही झेपेल असा हा पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम आहे: पाश्चात्त्य संगीत ऐकायचं कसं. मला त्याची मांडणीच आवडली. मध्ययुगापासून सनावळी सुरू होत नाही. आधी वाद्यं, मग लय, मग चाल, मग हार्मनी, मग रचनेचे साचे. मठातलं जुनं स्तोत्रगायन यायला पंधरावं व्याख्यान उजाडतं. इतिहास माहीत नसला तरी कान चालतो, पण कान तयार नसेल तर इतिहास नुसता पाठ होतो, हे त्यामागचं गृहीत मला तरी पटलं.

या सगळ्यातून माझ्या हाती लागलेली गोष्ट एवढीच: आपल्याकडे सा, म्हणजे षड्ज, हलत नाही, त्यांच्याकडे हलतो. हे वाक्य राइट यांचं नाही, तानपुऱ्याच्या सावलीत वाढलेल्या कानाचं आहे. पण ते सापडलं आणि त्या पळापळीतून वाट दिसायला लागली.

मैफल सुरू व्हायच्या आधी काय होतं ते आठवा. गायकाची पट्टी ठरते, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा मानायचं ते, काळी एक म्हणा किंवा काळी चार. तानपुरे जुळतात. एकदा जुळले की दोन-अडीच तास तो षड्ज खोलीत भरून राहतो. राग बदलतील, ताल बदलतील, सा तोच. प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो या न हलणाऱ्या षड्जापासून तो किती लांब आहे यावरून. कोमल रिषभ कळवळतो, कारण शेजारी षड्ज घट्ट उभा आहे.

आता तानपुरा काढून घ्या. सा सांगणारं कोणी उरलं नाही. सा कुठे आहे हे संगीतानेच सुरांच्या वागण्यातून सुचवायचं आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. आणि एकदा ते सुरांच्या वागण्यावर सोडलं, की वागणं बदलून सा दुसरीकडे नेताही येतो. पाश्चात्त्य रचनाकारांनी सुमारे तीनशे वर्षं नेमकं हेच केलं. त्यांची गोष्ट सा कुठून निघाला, कुठे भटकला आणि कसा परतला याची असते. आपण चाल शोधत बसतो आणि गोष्ट निसटते.

आपल्यालाही हा खेळ अगदीच परका नाही. पेटीवर भूप वाजवा. आता त्याच पाच पट्ट्या ठेवून त्यातल्या गंधाराला सा माना. मालकंसाचे स्वर समोर येतात. पंचमाला सा म्हटलंत तर दुर्गेचे. मूर्च्छनेचा हा प्रयोग एखादा गायक मैफलीत क्षणभर दाखवतो, लोक दाद देतात, आणि तो लगेच मूळ षड्जावर येतो, कारण तानपुरा त्याला फार वेळ बाहेर राहू देत नाही. आपल्याकडे जी क्षणाची चमत्कृती आहे, तिच्यावर तिकडे अख्खी इमारत उभी आहे.

पण तानपुरा नसताना सा ओळखायचा कसा? इथे हार्मनी कामाला येते. आपले सूर एकामागून एक येतात, तिकडे ते एकाच वेळी एकत्रही उभे राहतात. पेटीवर सा-ग-प एकदम दाबा. ही कॉर्ड, आणि हे घर. आता प-नि-रे दाबा आणि थांबा. अस्वस्थ वाटतं ना? त्यातला निषाद षड्जाकडे ओढ घेतोय. परत सा-ग-प दाबा. सुटलो. पाश्चात्त्य संगीतातल्या किती तरी ओळी या दोन कॉर्डवर संपतात. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत आयुष्य काढलेल्या माणसाला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आपली ती ओढ मुख्यतः लयीत आहे, त्यांची स्वरांच्या उभ्या रचनेत.

आता सा हलवू. पांढरी एकला सा धरून सा-ग-प दाबा आणि बोटं तशीच ठेवा. मनातल्या मनात पांढरी पाचला सा म्हणा. तेच तीन सूर आता म-ध-सा झाले. बोटं तीच, आवाज तोच, नावं बदलली. या चौकटीवर उभे असताना तुम्ही दोन्ही घरांत आहात. इथून पांढरी पाचच्या घरातला प-नि-रे दाबा, म्हणजे पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा. त्यातली काळी तीन जुन्या घरात नव्हतीच. ती वाजली की कानाला कळतं, पत्ता बदलला. मग पांढरी पाचवरचा सा-ग-प दाबा, आणि नव्या घराचं दार बंद. पेटी असेल तर हे खरंच करून बघा. दहा पानं वाचून जे कळणार नाही ते दोन मिनिटांत बोटांना कळतं.

या भटकंतीची किंमतही मोजावी लागली. सा कुठेही नेता यायचा असेल तर बाराही पट्ट्यांवरून सप्तक सारखंच लागायला हवं, आणि निसर्गतः ते तसं लागत नाही. म्हणून प्रत्येक सूर थोडाथोडा सरकवून घ्यायचा. आजच्या पियानोचा आणि बहुतेक पेट्यांचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. 100 सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. आपल्याकडे पेटीवर जुन्या जाणकारांचा राग होता तो एक तर यावर आणि दुसरा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही यावर. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं ते उगाच नव्हे. युरोपने मात्र हा सौदा डोळे उघडे ठेवून केला: श्रुतींचा बारकावा थोडा सोडला आणि बारा घरं मिळवली. योहान सेबास्टियन बाखने 1722 मध्ये एक संग्रह पुरा केला, त्यात बाराही सुरांना पाळीपाळीने सा मानून प्रत्येकावर दोन, अशा 24 जोडरचना आहेत. एक मेजरमधली, म्हणजे साधारण आपला बिलावल थाट, आणि एक मायनरमधली, म्हणजे ढोबळमानाने आसावरी. पुढे अशाच आणखी 24 केल्या. (त्याच्या काळची जुळवणी आजच्याइतकी तंतोतंत समान नव्हती असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण हेतू हाच.)

एकदा मुभा मिळाल्यावर माणूस कुठवर जातो ते पुढच्या दोनशे वर्षांत दिसतं. 1865 मध्ये म्युनिकला वाग्नरचा 'ट्रिस्टान उंड इझोल्डं' हा ऑपेरा झाला. त्याच्या सुरुवातीलाच एक अवघडलेली कॉर्ड येते, आणि ती जी सुटका मागते ती थेट शेवटी मिळते, मध्ये सुमारे चार तासांचं संगीत जातं. 1920च्या दशकात शोनबर्गने बाराही सुरांना समान हक्क देणारी पद्धत बांधली, म्हणजे सा हे पदच रद्द. ते संगीत मी कर्तव्यबुद्धीने ऐकलं. पुन्हा ऐकेन असं वाटत नाही.

सुरुवात करायला मी कोणालाही पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा कॅनन सांगतो. लग्नाच्या चित्रफितींनी त्याचा चोथा केलाय हे मान्य, पण शिकायला त्याच्याइतकी सोपी रचना नाही. त्यात सा हलतच नाही. खाली, खर्जात, आठ सुरांची एक ओळ आहे: सा प ध ग, म सा म प. ती 28 वेळा वाजते, जशीच्या तशी. वर तीन व्हायोलिनं एकमेकांच्या मागे तीच सुरावट काही अंतराने वाजवत विणकाम करत जातात. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा पेटी लेहरा, म्हणजे तीच ती ओळ पुन्हा पुन्हा, धरते ना, तसा हा लेहरा. आपल्या सवयीने कान वरच्या सुरावटीकडे धावतो. त्याला आवरा आणि सबंध रचना फक्त तळाच्या आठ सुरांकडे लक्ष देऊन ऐका, जमलं तर सोबत गा. हा एकच व्यायाम आठवडाभर केला तरी पुष्कळ. तिकडची इमारत पायाकडून बघायची असते, आणि आपण आयुष्यभर कळसाकडे बघत आलोय.

खरं तर हिंदी चित्रपटसंगीताने आपले कान थोडे तयार करून ठेवलेले आहेत. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या मुलं नोटेशन आणि व्हायोलिन शिकली आणि पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आली. संगीतकार चाल द्यायचा. तिच्याखालची हार्मनी आणि मधले वाद्यवृंदाचे तुकडे कागदावर उतरवणारे अरेंजर बऱ्याचदा गोव्याचे असत. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि गुरूचं नाव पुढे एका गाण्यातून देशभर झालं. म्हणजे कॉर्ड आपण लहानपणापासून ऐकतोय, फक्त त्यांच्याकडे कधी बघितलं नाही.

आता परत मोझार्ट. आधी पाटी वाचू, कारण या पाट्या बघूनच निम्मे लोक पळतात. 'सिम्फनी क्रमांक 40, जी मायनर, के. 550'. सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुतेक वेळा चार भागांची मोठी रचना. जी म्हणजे पांढरी पाच, हे सुरुवातीचं आणि शेवटचं घर. मायनर म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल असलेला मूळ साचा. के. म्हणजे क्योखेल, ज्याने 1862 मध्ये मोझार्टच्या रचनांची क्रमवार यादी छापली. रागाचं नाव, पट्टी आणि बंदिशीचा क्रमांक एकत्र लिहावा तसं आहे हे. 1788च्या उन्हाळ्यात, व्हिएन्नात, सहा-सात आठवड्यांत मोझार्टने शेवटच्या तीन सिम्फनी लिहिल्या, त्यांतली ही मधली. वय 32. नगारे नाहीत, ट्रम्पेट नाहीत.

पहिला भाग सात-आठ मिनिटांचा आहे आणि सोनाटा नावाच्या साच्यात बांधलेला आहे. नावाने बिचकू नका, हा एका प्रवासाचा आराखडा आहे.

सुरू होताना चाल नसते. आधी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खालच्या सुरांच्या बहिणी, खालून धडधड सुरू करतात आणि तिच्यावर व्हायोलिनं येतात: कोमल धैवत-पंचम-पंचम, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि मग वरच्या कोमल गंधारावर झेप. हाच तो 'छाया'चा मुखडा. हे घर, पांढरी पाच. थोड्या वेळात गडबड वाढते, आणि मग सगळे वादक एकदम गप्प होतात. अर्ध्या श्वासाएवढी शांतता. ती चुकवू नका, कारण तिच्या पलीकडे सा बदललेला आहे. दुसरी चाल येते, हळुवार, घरंगळत उतरणारी, तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यं ती वाटून घेतात. हिचा सा काळी पाच आहे, आणि थाट शुद्ध स्वरांचा. परगावी गेल्यावर ऊन पडलेलं दिसावं तसं. साधारण दोन मिनिटांनी हा खंड संपतो, आणि मोझार्ट तो सबंध पुन्हा वाजवायला सांगतो. मी आधी समजायचो की वेळ काढायचा आहे म्हणून. तसं नाही. पुढे या दोन चालींचं जे होणार आहे ते कळायचं तर त्या पाठ व्हायला हव्यात, आणि त्या काळी रेकॉर्ड नव्हती. एकदाच ऐकायला मिळणार असलेल्या श्रोत्याची ती सोय होती.

मग मधला खंड. फुंकवाद्यांचे दोन-तीन उतरते हुंकार आणि एकदम सा काळी तीनवर. पांढरी पाचच्या अगदी खालची पट्टी; कागदावर शेजार, पण स्वरांच्या नात्याने फार लांबचं गाव. इथे पहिलीच चाल येते, पण पाय ठेवायला जमीन नाही. ती काही 'बार'मध्येच (बार म्हणजे तिकडच्या तालाचं एक छोटं आवर्तन) एका घरातून दुसऱ्या घरात ढकलली जाते, कधी खालची वाद्यं ती ओढून घेतात, तिचे तुकडे पडत जातात आणि शेवटी फक्त तीन सूर उरतात, तो धैवत-पंचम-पंचम. माझी पळापळ ती हीच. इथे चाल शोधायची नसते, ती कुठे हरवते आहे ते ऐकायचं असतं. आपल्याकडे बढतीत, म्हणजे राग फुलवत नेताना, मुखड्याचा एखादा तुकडा घेऊन गायक त्याच्याशी खेळतो. पण त्याच्या पायाखाली षड्ज असतो, इथे तोच काढून घेतलाय.

आणि मग फुंकवाद्यं पायऱ्या उतरल्यासारखी खाली येतात, ती पूर्ण खाली पोचायच्या आतच व्हायोलिनं मूळ चाल सुरू करतात, मूळ घरात. पांढरी पाच. हा क्षण आपल्या समेसारखा आहे, फक्त आवर्तन सोळा मात्रांचं नाही, पाच-सहा मिनिटांचं आहे. पहिल्यांदा तो मला आपोआप कळला तेव्हा तोंडातून 'वा' गेलं, आणि घरातल्यांनी वळून बघितलं.

तिकडच्या सभागृहात ते 'वा' चालत नाही. चार भागांच्या मध्ये टाळीही वाजवायची नाही, शेवटी एकदम. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमात कोणी चुकून वाजवली तर आजूबाजूच्या माना वळतात. मात्र ही शिस्त मोझार्टच्या काळची नाही. 1778 मध्ये पॅरिसला त्याची एक सिम्फनी झाली. त्याबद्दल वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पहिल्या भागाच्या मध्येच एक जागा होती, ती लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तिथे खरोखर टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणून तीच जागा त्याने शेवटी पुन्हा ठेवली होती. कार्यक्रम संपल्यावर खुशीत जाऊन त्याने मोठं आइस्क्रीम खाल्लं, आणि बोललेला नवस फेडायला जपमाळही ओढली. जागेवर दाद मिळणं त्याला आपल्या गवयांइतकंच प्रिय होतं.

तर आपण घरी परतलोय. पहिली चाल झाली. आता ती दुसरी चाल यायची आहे, परगावी उन्हात भेटलेली. साच्याचा नियम असा की शेवटच्या खंडात तिनेही मूळ घरी यायचं, काळी पाच सोडून पांढरी पाचवर. ती येते. पण या घराचा थाट वेगळा आहे, इथे गंधार, धैवत, निषाद कोमल आहेत. तीच चाल, तोच उतार, तीच वाद्यांची देवाणघेवाण, आणि ऊन गेलेलं. पहिल्या खंडात ती पाठ केलेली असेल तरच हे लागतं, नाही तर आणखी एक संथ तुकडा म्हणून निघून जातं. माझ्या हातून ते वर्षानुवर्षं निघून जात होतं.

हे जमलं की लगेच बेथोवनची पाचवी लावा. बरोबर वीस वर्षांनंतरची, 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नातल्या थंडगार सभागृहात चार तासांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजलेली. तिचं घर पांढरी एक, तेही मायनर. सुरुवातीचे चार ठोके सगळ्या जगाला पाठ आहेत. तिच्याही पहिल्या भागात दुसरी चाल परगावी शुद्ध स्वरांत भेटते आणि शेवटी घरी येते. बेथोवन मात्र तिला कोमल करत नाही, घराचेच स्वर बदलतो: सा पांढरी एक, थाट शुद्ध. ते फार वेळ टिकत नाही, पहिला भाग पुन्हा काळोखातच संपतो. पण त्याने दाखवून ठेवलेलं असतं. चौथ्या भागात ते घर कायमचं उजळतं, आणि पुन्हा अंधारेल अशी शंकाही राहू नये म्हणून तो शेवटी 29 बार एकच कॉर्ड ठोकत राहतो: सा-ग-प, पांढरी एकवरून.